पाचशे गाड्यांचा हिशेब

शनिवारी सकाळी आमच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. बाबा गॅलरीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवतात आणि मी समोर चहाचा दुसरा कप घेऊन लॅपटॉपवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळतो. घ्यायचं काहीच नसतं. आई याला 'विंडो शॉपिंग' म्हणत नाही, 'रिकामटेकडेपणा' म्हणते. असो.

तर मागच्या शनिवारी एक जाहिरात उघडली आणि मी कप खाली ठेवला. टाटा टियागो जेटीपी, २०१९ ची, पहिलाच मालक, गाडी मोशीला.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टियागो म्हणजे आपल्या सोसायटीत चार-पाच तरी उभ्या असतात ती साधी, गुणी गाडी. टाटा मोटर्सने कोइंबतूरच्या जयम ऑटोमोटिव्ह्जबरोबर २०१७ साली निम्म्या-निम्म्या भागीदारीत एक कंपनी काढली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये टियागो आणि टिगोरच्या तिखट आवृत्त्या आणल्या. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, ११४ पीएस, बदललेले गिअर रेशो, थोडं बसकं सस्पेन्शन, बॉनेटवर हवेच्या फटी. टियागोची किंमत होती ६.३९ लाख. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि खिशात पीएमपीचा पास होता. २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले आणि या गाड्या बंद झाल्या. दीड वर्षाचा खेळ. आता माझ्या खिशात पगार आहे तर गाडी नवीन मिळत नाही. नशीब हे असं असतं!

पण कप खाली ठेवायला दुसरंही कारण होतं. त्याच आठवड्यात ऑफिसात एक झंगट मागे लागलं होतं. आमच्या कंपनीचं एक प्रॉडक्ट आहे, शेकडो क्लायंट वापरतात. त्याची एक जलद, खास आवृत्ती आम्ही सहा जणांनी दोन वर्षं खपून बनवली. ती वापरतात फक्त चार क्लायंट. फायनान्सला नवीन साहेब आले आणि त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला: यात पैसे सुटतात का? एका पानात उत्तर द्या, पुढच्या शुक्रवारपर्यंत. उत्तर पटलं नाही तर टीम मोडणार आणि आम्ही सहा जण सहा दिशांना. मॅनेजरने ते एक्सेल माझ्या गळ्यात मारलं. खर्चाच्या ओळी पाच मिनिटांत भरून झाल्या. उत्पन्नाच्या दोन ओळी भरल्यावर तिसरीत मी 'ब्रँड व्हॅल्यू' असं टाइप केलं आणि पुढच्या कोऱ्या चौकटीकडे बघत बसलो. गुरुवारपासून बघतोच आहे.

म्हणून बाबांना विचारलं, "बाबा, कंपन्या या असल्या थोड्याशाच फास्ट गाड्या काढतात, त्यात त्यांना पैसे सुटतात का हो?"

बाबा एकतीस वर्षं भोसरी एमआयडीसीत एका प्रेसशॉपच्या टूलरूममध्ये होते. गाडीचा पत्रा ज्या साच्यात दाबला जातो तो डाय बनवायचं काम. शब्दकोड्यातून डोकं न काढता ते म्हणाले, "पत्रा नवा की जुना?"

मला कळेना. मग त्यांनी पेन बाजूला ठेवलं.

"अरे, डायला माहीत नसतं तू पाचशे नग काढणारेस की पाच लाख. लोखंड तेवढंच लागतं, मशीनिंग तेवढंच, निळा लावून स्पॉटिंग करणाऱ्या फिटरचे तास तेवढेच. समज, सगळे डाय मिळून पन्नास कोटी लागले. पाच लाख गाड्यांवर वाटलेस तर गाडीमागे हजार रुपये. पाचशेवर वाटलेस तर दहा लाख. नुसत्या पत्र्याचे, इंजिनाचं नाव अजून काढलेलंच नाही."

"पण थोड्या नगांसाठी मऊ डाय करतात ना?"

"करतात. जस्ताच्या मिश्रधातूचे. काहीशे नग निघतात. पण मग प्रत्येक नगावर हाताने काम. तिकडे वाचवलेलं इकडे जातं. म्हणून विचारलं, पत्रा नवा की जुना?"

एवढं बोलून ते परत शब्दकोड्यात. मी मात्र दिवसभर तो एकच प्रश्न घेऊन गाड्यांमागून गाड्या तपासत बसलो. आणि खरं सांगतो, बाबांच्या त्या चार शब्दांत निम्मं उत्तर होतं.

पत्राच काय, सगळंच नवं, असं उदाहरण हवं असेल तर लेक्सस एलएफए बघा. टोयोटाने २००० च्या सुमारास ही गाडी हाती घेतली आणि विकायला आणली २०१० च्या डिसेंबरमध्ये. दहा वर्षं! मधेच सगळं ठरलेलं असताना अ‍ॅल्युमिनियमची चौकट टाकून देऊन कार्बन फायबरची करायचं ठरलं, म्हणजे अर्धा डाव मोडून परत मांडला. कार्बनचे धागे विणायला यांनी गोल फिरणारा माग बनवला. टोयोटा घराण्याचा मूळ धंदा कापड विणायच्या मागांचा, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. इचलकरंजीच्या माणसाला हे ऐकून नक्की बरं वाटेल. इंजिन यामाहाबरोबर केलेलं ४.८ लिटरचं व्ही-टेन. ते शून्यातून नाही, पण आयडलवरून ९००० आरपीएमवर ०.६ सेकंदात जायचं, इतकं झटकन की काट्याच्या मीटरला ते झेपेना, म्हणून मीटर डिजिटल केला. प्रत्येक इंजिन एकाच कारागिराने जुळवायचं. मोतोमाची कारखान्यात दिवसाला एक गाडी, अशा दोन वर्षांत बरोबर ५००. डिसेंबर २०१२ ला दुकान बंद.

आता हिशेब. अमेरिकेत किंमत होती ३,७५,००० डॉलर. गुणिले ५००. एकूण १८ कोटी ७५ लाख डॉलर. ही सगळी विक्री हं, नफा नव्हे. साधी नवीन गाडी मुळापासून करायची तर अब्जभर डॉलर लागतात असं या धंद्यातले लोक धरून चालतात. म्हणजे गाड्या बनवायला एक येन लागला नसता तरी दहा वर्षांचा खर्च निघाला असता का, शंकाच आहे. वर गंमत म्हणजे त्या पटकन खपल्याही नाहीत. उत्पादन थांबून पाच वर्षं झाली तरी अमेरिकेत काही एलएफए शोरूममध्ये नव्या कोऱ्या उभ्या होत्या. आज त्याच गाड्या लिलावात मूळ किमतीच्या कितीतरी पट जातात. पण तो पैसा ज्याने घेऊन ठेवली त्याचा, टोयोटाला त्यातला छदाम नाही.

बुगाटी व्हेरॉनची कथा याहून भारी. फोक्सवॅगनने १९९८ मध्ये बुगाटी हे नाव विकत घेतलं आणि फर्डिनांड पिएक यांनी हट्ट धरला: १००१ घोड्यांची ताकद आणि ताशी ४०० किलोमीटरच्या वर. सोळा सिलिंडर, चार टर्बो, इंजिन थंड ठेवायला दहा रेडिएटर. २००५ ते २०१५ मध्ये ४५० गाड्या विकल्या. २०१३ साली बर्नस्टाइन या संस्थेच्या विश्लेषकांनी अंदाज मांडला की प्रत्येक व्हेरॉनमागे तोटा आहे सुमारे ४६ लाख युरो. आपल्याकडचे तेव्हाचे पस्तीस कोटींच्या पुढे. गाडीच्या किमतीपेक्षा तोटा मोठा! हा अंदाजच आहे, कंपनीने अशी पावती कुणाला दिलेली नाही. पण आकडा निम्मा धरला तरी आमच्या फायनान्सच्या साहेबांना घाम फुटेल. (मला स्वतःला व्हेरॉन कधी आवडली नाही. साबणाच्या वडीसारखी दिसते. पण ते जाऊ दे.)

इथे थांबलो असतो तर उत्तर सोपं होतं: नाही सुटत पैसे, श्रीमंतांचे चोचले, विषय संपला. पण पुढचं पान उलटलं आणि पंचाईत झाली. व्हेरॉननंतर २०१६ मध्ये शिरॉन आली. तीच सोळा सिलिंडर-चार टर्बोची मांडणी, सुधारलेली. किंमत २४ लाख युरोपासून पुढे, संख्या ५००. आणि २०१८ मध्ये त्याच शिरॉनच्या सांगाड्यावर नवा अंगरखा चढवून आणली डिव्हो. फक्त ४० नग, प्रत्येकी ५० लाख युरो अधिक कर. सगळ्या आधीच बुक. म्हणजे २० कोटी युरो, आणि खालचं मशीन तर आधीचंच. ज्या इंजिनाने बापाला बुडवलं त्याच इंजिनावर नातवाने बंगला बांधला, असा प्रकार. मग तो सुरुवातीचा खर्च कुणाच्या खात्यात लिहायचा? सगळा व्हेरॉनच्या माथी मारलात तर ती महाबुडीत आणि डिव्हो महाहुशार. वाटून टाकलात तर चित्र निराळं. गाड्या त्याच, पैसे तेच, फक्त एक्सेलमधली ओळ बदलली.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे सांगायची गरज नाही म्हणा. व्हर्जन वनचा जीव घेऊनच व्हर्जन टू पैसे कमावते आणि प्रमोशन मिळतं व्हर्जन टूवाल्याला.

पोर्शेने मात्र पहिल्याच फटक्यात जमवलं होतं, आणि तेही बाबांच्या नियमाने. १९७२ मध्ये त्यांना रेसिंगच्या नियमांसाठी ५०० गाड्या विकून दाखवायच्या होत्या. नेहमीचीच ९११ घेतली, पत्रा पातळ केला, काच पातळ केली, आतली गादी-गालिचा काढून टाकला, इंजिन २.७ लिटरचं केलं आणि मागे बदकाच्या शेपटीसारखा तो प्रसिद्ध स्पॉयलर लावला. कॅरेरा आरएस. कंपनीतल्याच विक्री विभागाला वाटत होतं, पाचशे कोण घेणार? ऑक्टोबरमध्ये पॅरिसला दाखवली, नोव्हेंबर संपेपर्यंत पाचशे संपल्या. शेवटी १,५८० बनवल्या. कमी वस्तू घालून जास्त पैसे घ्यायची ही कला तिथून सुरू झाली आणि आजही पोर्शेचं घर त्यावर चाललंय. हल्ली तर गालिचा काढायचेही वेगळे पैसे घेतात असं म्हणायला हरकत नाही.

फेरारीचं काय, असं तुम्ही विचारणारच. पण फेरारी या प्रश्नात बसतच नाही. तिथे थोड्याच गाड्या करणं हा जोडधंदा नाही, तोच धंदा आहे. २०२४ मध्ये त्यांनी १३,७५२ गाड्या दिल्या आणि निव्वळ नफा कमावला दीड अब्ज युरोंहून थोडा जास्त. सगळ्यात वरची एफ-८० फक्त ७९९ बनणार, आणि ती कुणाला द्यायची हे कंपनी ठरवते. आधी तिच्या किती गाड्या घेतल्या, किती वर्षं गिऱ्हाईक आहे, हे बघून. म्हणजे त्या ७९९ गाड्या स्वतःबरोबर बाकीच्या हजारो फेरारीही खपवतात. हे टोयोटाला जमणार नाही आणि टाटांनाही. कोरोला आधी पाच घेतल्यात का, असं विचारून बघा गिऱ्हाइकाला!

बरं, संख्या कमी ठेवली की आपोआप झुंबड उडते हेही खोटं. २०१६ मध्ये आपल्याकडे फोक्सवॅगनने पोलो जीटीआय आणली, देशभरात मिळून फक्त ९९. आयात केलेली, त्यामुळे किंमत २५.६५ लाख. दिसायला मात्र शेजाऱ्याची पोलो. वर्षाच्या आत किंमत सहा लाखांनी खाली आणावी लागली. त्याउलट २०२५ मध्ये स्कोडाने ५० लाखांच्या घरातली ऑक्टाव्हिया आरएस आणली, १०० नग, बुकिंग उघडताच संपल्या. फरक काय पडला मधे? एक तर गिऱ्हाईक बदललं. दुसरं, २०१८ च्या नियमानुसार परदेशी मान्यता असलेल्या काही गाड्या, वर्षाला २,५०० पर्यंत, इथली सगळी चाचणी पुन्हा न करता आणता येतात. आमच्या वेताळ टेकडीला निम्मं पुणं एआरएआयची टेकडी म्हणतं, ती ज्या संस्थेमुळे, तिथे प्रमाणपत्रासाठी लागणारा वेळ आणि खर्चही डायसारखाच: गाड्या शंभर असोत की लाख, चाचणी तीच. तो खर्च गेला की शंभर गाड्यांचाही हिशेब बसतो.

टाटांनी हे कोडं मुळापासून सोडवायचा प्रयत्न केला होता, आणि त्याबद्दल मला अजूनही हळहळ वाटते. मार्च २०१७, जिनिव्हा. टामो रेसमो नावाची दोन सीटची, मधे इंजिन असलेली इवलीशी स्पोर्ट्स कार. १९० पीएस. लोकांनी तिचा आकार बघितला, पण खरी गोष्ट आत होती. 'मोफ्लेक्स' नावाची वेगवेगळ्या पदार्थांच्या थरांची रचना, थोड्या संख्येच्या गाड्यांसाठीच काढलेली. थोडक्यात, बाबांच्या पन्नास कोटींच्या डायला पर्याय. मोठी प्रेस लाइन न लावता थोड्या गाड्या परवडाव्यात हीच तर कल्पना. पण तेव्हा कंपनीची गाड्यांची बाजू एकूणच तोट्यात होती, आणि घरात कर्ज असताना पोराला गिटार कोण घेऊन देतं? २०१८ उजाडेपर्यंत रेसमो गुंडाळली गेली. उरल्या त्या जेटीपी, जुना पत्रा वापरणाऱ्या.

आणि तरीही एलएफए फुकट गेली असं म्हणवत नाही. मोतोमाचीत जिथे त्या ५०० गाड्या हाताने जुळवल्या, तिथेच आज टोयोटाचा जीआर कारखाना आहे. तिथे २०२० पासून जीआर यारिस बनते. पट्टा नाही, गाडी एका कक्षातून दुसऱ्या कक्षात जाते आणि निवडून आणलेले कारागीर ती जुळवतात. रॅलीच्या नियमासाठी २५,००० विकायच्या होत्या. पंचवीस हजार! थोड्या गाड्या करून पोट भरायचं तर कारखाना कसा असावा, हे कुणीतरी आधी शिकलेलं असावं लागतं. पण एलएफएच्या खात्यात ही ओळ कधीच लिहिली गेली नसणार. ती लिहायला २०१२ मध्ये काही नव्हतंच.

संध्याकाळी बाबांना हे सगळं उत्साहाने सांगितलं. माग, यामाहा, डिव्हो, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझं ऑफिसचं काय ते? त्यातलं काही दुसऱ्या कुणी उचललंय का?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे एक जॉब आला होता, तीनशे नगांचा. मालकाने तोट्यात घेतला. पण त्यासाठी जे फिक्स्चर केलं ना, ते पुढे आठ वर्षं दुसऱ्या जॉबांना वापरलं. नाव वगैरे मोठं होतं, असं म्हणतात रे लोक. नाव कपाटात ठेवता येत नाही. फिक्स्चर ठेवता येतं."

रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला. 'ब्रँड व्हॅल्यू' खोडलं. आणि आमच्या खास आवृत्तीतलं काय काय इतर टीम वापरतात ते कोडच्या रिपॉझिटरीत शोधायला लागलो. मिटिंगमध्ये आम्ही नेहमी छाती फुगवून चार गोष्टी सांगायचो. त्यातल्या तीन कुणीही वापरत नाही. एकानेही नाही! त्यातली एक तर मीच लिहिलेली, आणि तिच्यावर मी कंपनीत एक भाषणही ठोकलं होतं. चौथी, आमच्या स्नेहलने एका वैतागलेल्या रविवारी लिहिलेली कॅशिंगची भानगड, ती मात्र तीन टीमनी गपचूप उचलली होती, आणि त्यांचं सर्व्हरचं बिल त्यामुळे खाली आलं होतं. बिलाचे आकडे काढले. ओळ भरली. खालची बेरीज अजूनही तांबडीच आहे, पण निम्म्याने कमी तांबडी. कागद तसाच पाठवणार आहे. शुक्रवारी काय होईल ते होवो. स्नेहलचं नाव मात्र त्या ओळीत लिहिलंय.

रविवारी सकाळी बाबांना घेऊन मोशीला गेलो. पांढरी जेटीपी, आरशांच्या कडेला लाल. मालक माझ्याच वयाचा, लग्न ठरलंय, होणाऱ्या बायकोला ऑटोमॅटिक हवी आहे. मी इंजिन ऐकत होतो. बाबा गाडीभोवती सावकाश फिरत होते, पत्र्यांमधल्या फटींवरून बोट फिरवत.

"दार तेच," ते पुटपुटले. "छप्पर तेच. मागचं झाकण तेच."

स्पाइन रोडला चक्कर मारली. रविवार असल्याने रस्ता मोकळा. दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला, टर्बोने धक्का दिला आणि बाबांनी वरची कडी पकडली. मला वाटलं आता ओरडा बसणार. ते समोर बघत म्हणाले, "साडेसहा लाखांत द्यायचे हे?"

"६.३९. एक्स-शोरूम."

"हं."

परत आल्यावर मालक पाच लाखांवर अडून बसला, मी साडेचारवर. बाबा तोवर खाली वाकून गाडीचं नाक बघत होते. गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि मला बाजूला घेतलं.

"बाकी काहीही मोडलं तर टियागोचं मिळेल. बंपर मात्र हिचा एकटीचा आहे. घेणार असशील तर पार्किंगमध्ये त्या खांबाजवळची जागा सोड, आणि त्याला चार पंचाहत्तर सांग."